एका प्रकाराला एकच अल्बम: पाश्चात्त्य संगीतात शिरायचं कुठून?

कोमलनिषाद

आमच्या घरात नाट्यपदं, भावगीतं आणि विविधभारती. त्यामुळे ऐकायचं ते कायम 'गाणं'. सिनेमाची एलपी आणली तरी त्या गाण्यांना जोडणारी गोष्ट पडद्यावर राहायची, तबकडीत नाही. साठच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतले लोक मात्र अख्खी तबकडीच एक रचना म्हणून बांधायला लागले. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. कशानंतर काय यायचं, बाजू संपताना काय वाजायचं, सगळं ठरवून. हे असं सलग ऐकायला मी उशिरा लागले आणि आता चटक लागली आहे.

'सर्वोत्तम 500' छापाच्या याद्या कृपया नकोत, त्या वाचून कोणी काही ऐकत नाही. एका संगीतप्रकारातला एकच अल्बम सुचवा आणि आपल्यासारख्या कानाने त्यात नेमकं काय पकडायचं ते सांगा. 'ग्रेटेस्ट हिट्स' बाद. निवडक गाण्यांचे संग्रहही बाद.

सुरुवात मी करते. जॅझ: माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959, न्यूयॉर्कच्या 30व्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ, जो आधी चर्च होता. तोवरच्या जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) इतक्या भराभर बदलायच्या की वाजवणारा त्यांच्या मागे धावायचा. माइल्सने ते थांबवलं. 'सो व्हॉट' घ्या. पहिले सोळा बार, म्हणजे चार-चार मात्रांचे गट, एकाच स्वरसप्तकावर. ते सप्तक म्हणजे आपला काफी थाट, गंधार-निषाद कोमल. मग आठ बार तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर, आणि पुन्हा आठ बार मूळ जागी. षड्ज धरून बसायची सवय असलेल्या माणसाला यात घरच्यासारखं वाटतं. अर्ध्या स्वराने वर सरकणं कानाला कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पेटी लावून ताडून बघणाऱ्यांसाठी: 2 मार्चला एक टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं, त्यामुळे जुन्या तबकड्यांच्या पहिल्या बाजूचे सूर जरा चढे लागतात. नव्वदच्या दशकात ही चूक दुरुस्त झाली, त्यानंतरची आवृत्ती घ्या.

जुना_ठाणेकर

धागा झकास. पण नवख्याला जॅझमध्ये न्यायचं तर डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट' जास्त सोपा. तोही 1959चाच. ब्रूबेक 1958 साली अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर तुर्कस्तानापासून आपल्या मुंबईपर्यंत येऊन गेला होता. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडे त्याने नऊ मात्रांचा ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा. त्यातून 'ब्लू रॉन्डो आ ला तुर्क' झालं. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, तीन अधिक दोन. झपताल हातावर मोजणाऱ्याला विभाग उलटे वाटतील, पण दोन-चार आवर्तनांत हात बसतो.

'टेक फाइव्ह' लिहिलं सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडने. मृत्यूनंतर त्याचं मानधन अमेरिकन रेड क्रॉसला जावं असं तो लिहून गेला.

रात्रपाळी

जॅझ 'लोकप्रिय संगीत' कधीपासून? मला तर ते सूट घालून गंभीर चेहऱ्याने ऐकायचं संगीत वाटतं.

पणजीचो_पात्रांव

आरे बाबा, नाचायचंच संगीत ते! 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफोर्डचा बँड वाजवायचा. पुढे आमचा चिक चॉकलेट तिथे ट्रम्पेट वाजवू लागला. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. तो आणि त्याच्यासारखे गोंयकार वादक रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात. तुमच्या विविधभारतीच्या कितीतरी गाण्यांतलं ब्रास आमच्या माणसांचं आहे, ताई. म्हणजे जॅझ तुम्ही लहानपणापासून ऐकताच आहात.

कोमलनिषाद

हे आवडलं. ब्रूबेकला अपवाद म्हणून घेऊ, पण एका प्रकाराला दोन नकोत. नाहीतर शेवटी यादीच होते.

सात_मात्रा

रॉक: पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च 1973. 'मनी' लावा आणि सुरुवातीच्या नाण्यांच्या खणखणाटाबरोबर मोजा. सात मात्रा. रूपकशी खाली-भरी जुळत नाही, मात्रा तेवढ्या सात. सॅक्सोफोन सातातच वाजतो आणि गिटारची पाळी आली की ठेका चार मात्रांवर येतो. तिथे जो मोकळेपणा जाणवतो तो स्वरांचा नाही, मात्रांचा आहे. हे कळल्यावर माझं अख्ख्या अल्बमबद्दलचं मत बदललं. तोवर मला तो नुसता 'वातावरणनिर्मिती' वाटायचा.

'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये शब्द नाहीत. क्लेअर टॉरी या गायिकेने ते उत्स्फूर्त गायलं, बिदागी 30 पौंड. तिने पुढे दावा लावला आणि 2005 साली तडजोड होऊन सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लागलं. आता ऐकताना विचार करा, त्या गाण्यातून तिचा आवाज काढला तर काय उरतं?

आणि शफल बंद ठेवा. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत.

जुना_ठाणेकर

फ्लॉइड म्हणजे प्रत्येक हॉस्टेलच्या भिंतीवरचं पोस्टर. त्यांना कोणाच्या शिफारशीची गरज नाही. माझं मत बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'ला, ऑगस्ट 1966. 35 मिनिटांत चौदा गाणी. त्यात आठ तंतुवाद्यांचा ताफा आहे, लहान मुलांचं पाणबुडीचं गाणं आहे, आणि 'लव्ह यू टू'मध्ये तबला आहे अनिल भागवत यांचा. मराठी नाव बीटल्सच्या कव्हरवर छापलेलं! शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' जवळजवळ एकाच कॉर्डवर उभं आहे, खाली तंबोऱ्याचा नाद आणि वर उलटसुलट फिरवलेल्या टेप. अल्बममध्ये ते शेवटी येतं, पण ध्वनिमुद्रण सगळ्यात आधी त्याचंच झालं.

घेताना ब्रिटिश आवृत्तीच घ्या. त्या वेळच्या अमेरिकी तबकडीत तीन गाणी गाळली होती.

सात_मात्रा

ठाणेकर काका, 'रिव्हॉल्व्हर' गाण्यांचा उत्तम संच आहे. पण ताईंनी सलग बांधलेली रचना मागितली आहे. 'यलो सबमरीन' मधून उचलून दुसरीकडे ठेवलं तर काय बिघडतं?

जुना_ठाणेकर

त्याच्या आधीचं गाणं संथ आणि हळवं, नंतरचं गिटारी आणि चिडकं. मधे ती पाणबुडी नसती तर दोन्ही एकमेकांवर आपटली असती. क्रम लावण्याचं कसब म्हणतात ते हेच. सगळं एकाच रंगात बुडवलं की बांधणी झाली असं नव्हे.

पाचगणी_९८

आमच्या गावच्या पोराला विसरलात? फारोख बलसारा, जन्म झांझिबारचा, शाळा पाचगणीची, पुढे फ्रेडी मर्क्युरी. क्वीनचा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा', 1975. 'बोहेमियन रॅप्सडी' सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्याच बाजूच्या सुरुवातीचं 'द प्रॉफेट्स साँग' ऐका. मधल्या भागात मर्क्युरीचा आवाज टेपच्या विलंबाने त्याच्यावरच परत येतो आणि तो स्वतःच्याच प्रतिध्वनीबरोबर गातो. बाकी मोठा कोरस वाटतो ती तीनच माणसं आहेत, मर्क्युरी, मे आणि टेलर, थरावर थर चढवलेली.

कोमलनिषाद

रॉकचे तीन झाले. मतभेद कायम ठेवून पुढे जाऊ. सोल, मेटल, रेगे, हिप-हॉप, कोणी आहे का?

मिशिगनची_माई

सोलसाठी मी आहे. डेट्रॉइटजवळ राहते, पाहुणे आले की त्यांना वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं मोटाउन या तबकड्यांच्या कंपनीचं घर दाखवायला नेते. साधं दुमजली घर, बाहेर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी पाटी. एवढ्याशा स्टुडिओतून एवढी गाणी निघाली हे पाहुण्यांना खरं वाटत नाही.

मोटाउन म्हणजे तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कारखाना. मालक बेरी गॉर्डी यांनी मोटारीच्या कारखान्यात काम केलेलं, गाणीही तशीच साच्यातून काढायची त्यांची पद्धत. त्यांच्याच देखण्या गायकाने, मार्विन गेने, 1971 साली 'व्हॉट्स गोइंग ऑन' काढला. भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतला होता, त्याने सांगितलेलं मार्विनच्या डोक्यात होतं. युद्ध, नशा, हवा-पाण्याची घाण, शहरातली गरिबी. गॉर्डींना शीर्षकगीतच पसंत नव्हतं. ते जानेवारीत बाहेर आलं, धडाधड खपलं आणि मग त्यांनीच अल्बमची घाई केली.

ऐकायचं काय? पहिलं म्हणजे दोन मार्विन. मुख्य आवाजाच्या दोन वेगळ्या टेप होत्या, एक निवडायची म्हणून. ध्वनिमुद्रकाकडून त्या चुकून एकत्र वाजल्या आणि मार्विनला तेच आवडलं. तेव्हापासून स्वतःशीच बोलल्यासारखं ते गाणं त्याची ओळख झाली. दुसरं, जेम्स जेमर्सनचं बेस गिटार. गायकाकडे दुर्लक्ष करून एकदा फक्त खालचा स्वर ऐका. तो ठेका धरत नाही, गातो. जेमर्सनसारखे वादक वर्षानुवर्षं मोटाउनच्या हिट गाण्यांमागे होते, पण मोटाउनच्या अल्बमवर त्यांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती याच वेळी.

पहिली बाजू सलग वाहते, गाणी कुठे बदलली ते नीट कळतही नाही. आणि इतक्या कडू विषयावर आवाज कुठेही चढत नाही. मला हा अल्बम प्रार्थनेसारखा नाही वाटत, तक्रारअर्जासारखा वाटतो. फक्त अर्ज लिहिणाऱ्याचं अक्षर फार सुंदर आहे.

शिरोलीचा_मेटलवाला

माई, दंडवत. आता त्याच युद्धावर आवाज चढवलेला अल्बम सांगतो. ब्लॅक सॅबथ, 'पॅरनॉइड', 1970. पहिलंच गाणं 'वॉर पिग्ज'. अल्बमचं नावही तेच ठेवायचं होतं.

बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढच्या वर्षीच्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त तारा ढिल्या करून सूर खाली उतरवला. आज जगभरचं मेटल खालच्या सुरात वाजतं, त्याची एक मुळी त्या अपघातात आहे. मी फाउंड्रीतला माणूस. पॉवर हॅमरशेजारी आठ तास काढलेल्याला 'आयर्न मॅन'ची सुरुवात समजावून सांगावी लागत नाही. नाद खुळा!

रात्रपाळी

मला सगळा गोंगाट वाटतो. शब्द कळत नाहीत, सूर कळत नाही.

शिरोलीचा_मेटलवाला

भावा, मग 'प्लॅनेट कॅरव्हान'पासून सुरू कर. त्याच अल्बममध्ये आहे. हातानं वाजवायचे ड्रम, हलकी गिटार, आवाज पाण्याखालून आल्यागत. ते पचलं की मागं 'वॉर पिग्ज'वर ये. गिझर बटलरचा बेस गिटारच्या मागं न जाता कुठं वेगळा होतो ते ऐक. गोंगाटात चौघं जण वेगवेगळं ऐकू यायला लागले की मग तो गोंगाट राहत नाही.

पणजीचो_पात्रांव

रेगे माझ्याकडे. गोव्यातल्या शॅकमध्ये बॉब मार्लेचा 'लेजंड' वाजला नाही असा दिवस नाही. पण तो 1984चा, मार्ले गेल्यानंतरचा निवडक संग्रह. ताईंच्या अटीत बाद, आणि बरंच झालं. त्या संग्रहाने मार्लेला समुद्रकिनाऱ्यावरचा हसरा मनुष्य करून टाकलं.

'एक्झोडस' ऐका, जून 1977. डिसेंबर 1976मध्ये जमैकात किंग्स्टनला घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दोन दिवसांनी तो तसाच मंचावर उभा राहिला, मग देश सोडून लंडनला गेला. तिथे हा अल्बम झाला. पहिली बाजू सगळी निर्वासनाची आणि रागाची. दुसऱ्या बाजूला 'जॅमिंग', 'थ्री लिटल बर्ड्स', 'वन लव्ह'. शॅकवाले फक्त दुसरी बाजू वाजवतात! पहिली बाजू ऐकून मग 'वन लव्ह' ऐकलं की गाणं वेगळंच लागतं. 'टाइम' मासिकाने 1999 साली याला शतकातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं होतं.

कानासाठी सांगतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिल्या मात्रेवर ड्रम पडतच नाही, जोर तिसऱ्या मात्रेवर. सम शोधणाऱ्याची पंचाईत होते. ड्रमवर कार्लटन बॅरेट, बेसवर त्याचा भाऊ अ‍ॅस्टन. सम शोधू नका, बेस धरा.

कोमलनिषाद

काल रात्री 'नॅचरल मिस्टिक' लावलं. सुरुवातीला काही ऐकूच येईना, मी आवाज वाढवत गेले आणि मग घर हादरलं.

पणजीचो_पात्रांव

हाहा. ते दुरून हळूहळू जवळ येतं. सगळे फसतात.

बॅकबेंचर_०४

हिप-हॉप: नॅसचा 'इलमॅटिक', एप्रिल 1994. चाळीस मिनिटांच्या आत सगळं संपतं, एकही वाक्य भरतीचं नाही. नॅस तेव्हा विशीचा, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला. वडील ओलू दारा जॅझ वादक, 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी कॉर्नेट त्यांचंच आहे. म्हणजे हा धागा जिथून सुरू झाला तिथेच पोचतो.

शब्द कळत नाहीत ही तक्रार येणारच. पहिल्यांदा कळू नयेतच. यमक ओळीच्या शेवटी न शोधता ओळीच्या पोटात शोधा. 'एन.वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये एकाच स्वराची अक्षरं ठेक्याच्या पुढेमागे पडत राहतात. दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन ऐका, मग बाल्कनीतून खाली बघणारा पोरगा दिसतो.

जुना_ठाणेकर

म्हणजे आपल्या पोवाड्यासारखंच की.

बॅकबेंचर_०४

नाही हो काका. पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, ऐकणाऱ्याला घटना आधीच ठाऊक असते. हा स्वतःच्या गल्लीत काल काय झालं ते सांगतो. आणि साथीला जुन्या तबकड्यांचे तुकडे. शेवटच्या गाण्यात मायकल जॅक्सनच्या 'ह्यूमन नेचर'चा तुकडा आहे.

पाचगणी_९८

ज्यातलं 'ह्यूमन नेचर' आहे तो 'थ्रिलर'च मग पॉपसाठी लावून टाका. 1982, नऊ गाणी, त्यातली सात सिंगल (सुटी तबकडी) म्हणून निघाली. 'बीट इट'मधला गिटारचा तुकडा एडी व्हॅन हॅलेनचा. 1 नोव्हेंबर 1996ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात जॅक्सन आला तेव्हा ज्यांना तिकीट मिळालं नव्हतं ते सगळे आजही 'मी तिथेच होतो' म्हणतात.

४-६_मास्तर

इलेक्ट्रॉनिक कोणी घेतलं नाही. क्राफ्टवेर्कचा 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस', 1977, ड्युसेलडॉर्फ. रुळांच्या खडखडाटावर बांधलेलं शीर्षकगीत आहे. 1982 साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा या डीजेने तीच धून 'प्लॅनेट रॉक'मध्ये उचलली, म्हणजे थंड डोक्याच्या चार जर्मनांकडून ब्रॉन्क्सच्या पोरांनी नाच घेतला.

आणि त्याच 1982 साली मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले चरणजित सिंग रोलँडची तीन यंत्रं घेऊन बसले. ठेक्याचं टीआर-808, बेसचं टीबी-303 आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. फारशी विकली गेली नाही. काही वर्षांनी शिकागोत त्याच 303च्या आवाजातून अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत जन्मलं. 2010 साली हा अल्बम पुन्हा निघाला आणि युरोपातले लोक तोंडात बोट घालून बसले की हे शिकागोच्या आधी मुंबईत कसं काय? शिकागोवाल्यांनी हे ऐकलेलंही नव्हतं. एकाच यंत्राकडून दोन ठिकाणी तेच घडलं.

कोमलनिषाद

मास्तर, हे ऐकलं. प्रामाणिक मत देते. राग म्हणून भैरव फार उभा राहत नाही, आरोह-अवरोहाच्या आसपास फिरतो. 303 एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतं खरं, पण त्याला मींड म्हणवत नाही. कलावती मात्र छान लागलाय. मोजके स्वर यंत्राला झेपतात.

मिशिगनची_माई

आफ्रिका राहिली. नायजेरियाच्या फेला कुटीचा 'झॉम्बी', 1976. दोन लांब गाणी, एका बाजूला एक. सैनिक म्हणजे सांगितल्याबरहुकूम चालणारं प्रेत, अशी सरळ टवाळी. फेब्रुवारी 1977मध्ये नायजेरियाच्या सैनिकांनी त्याच्या वसाहतीवर हल्ला करून ती जाळली. त्याच्या वृद्ध आईला खिडकीतून फेकलं, त्यातून ती सावरली नाही आणि पुढच्या वर्षी गेली. ड्रमवर टोनी अ‍ॅलन. चारही हातपाय चार वेगळ्या माणसांचे वाटतात. गायन बऱ्याच उशिराने येतं, तोवर घाई करू नका.

सात_मात्रा

आफ्रिकेचा विषय निघालाच तर पॉल सायमनचा 'ग्रेसलँड', 1986. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार असताना तो जोहान्सबर्गला जाऊन वाजवून घेऊन आला. त्यावर कडक टीका झाली. वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट पैसे दिले, हेही खरं. माझं मन अजून दोन्हीकडे आहे. अल्बम मात्र बाकिथी कुमालोच्या बेसवर उभा आहे. 'यू कॅन कॉल मी अल'मधल्या त्याच्या त्या छोट्या तुकड्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिल्याचीच टेप उलटी फिरवलेली आहे.

मिशिगनची_माई

मला तो अल्बम आवडतो, पण आफ्रिकेचा म्हणून सुचवणार नाही. त्यावर नाव कोणाचं आहे ते बघा.

रात्रपाळी

मी एवढं वाचून रात्री कामावर 'व्हॉट्स गोइंग ऑन' दोनदा ऐकला. बेसचं म्हणणं पटलं. मेटल अजून नाही. ब्लूज कोणीच घेतलं नाही, की ते जॅझमध्येच धरलंय?

शिरोलीचा_मेटलवाला

वेगळंच धरा. सॅबथच्या अंगातसुद्धा तेच आहे. बी. बी. किंगचा 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल'. 21 नोव्हेंबर 1964, शिकागोचं थिएटर, समोर आपलीच माणसं बसलेली. किंग गाताना गिटार वाजवत नाही आणि गिटार वाजवताना गात नाही. ओळ संपली की 'लुसील', म्हणजे त्याची गिटार, उत्तर देते. 'हाउ ब्लू कॅन यू गेट'पासून लाव. बायकोला काय काय दिलं त्याची यादी सांगत सांगत तो सात पोरांवर येतो, तिथं थिएटर कसं उसळतं ते ऐक. शब्द कळले नाहीत तरी तेवढं कळतंय.